सोडलेले कबाब

जुन्नर,
२८ नोव्हेंबर २००१

वृषालीस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनातून नाही.

काल तुमच्या गावचा सयाजी कांद्याचं बी न्यायला जुन्नरला आला होता. आमच्या ओट्यावर चहा प्याला आणि उठता उठता म्हणाला, "आक्का, म्हातारी काय झ्याक कबाब खाती! परवा माज्यासमोर तीन संपवले. वर म्हनती, अजून हायेत का?" त्याला वाटलं मी हसेन.

तुला आमच्या घरात येऊन सहा वर्षं झाली, तेव्हा माहीत नाही असं म्हणू नकोस. तरी पुन्हा लिहिते. माझा पप्पू सातव्या महिन्यात झाला. मूठभर पोर. रडेना, दूध ओढेना. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आई तशीच उठली, चालत भीमाशंकरला गेली आणि देवापुढे आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडून आली. लोक तीर्थाला जाऊन कारलं सोडतात, दुधी भोपळा सोडतात, म्हणजे जे नावडतं ते. आईने कबाब सोडले. तिचा बाप खडकीच्या पलटणीत खानसामा होता. कबाब हे तिचं माहेर होतं म्हण ना.

पोर जगलं. त्यानंतर बावीस वर्षं आईने आम्हाला कबाब करून घातले आणि स्वतः जिभेला लावले नाहीत. तव्यावर पहिला टाकला की मला हाक मारायची, "गोजर, मीठ बघ गं." मी मीठ बघायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची.

आणि आता तिचं मन जाग्यावर नाही, तिला स्वतःचा नवस आठवत नाही, याचा तू फायदा घेतलास? लहान मूल विस्तव मागतं म्हणून कुणी त्याच्या हातावर विस्तव ठेवतं का?

वैशाखात माझ्या पप्पूच्या लग्नालाही तुम्ही तिला आणलं नाहीत. आजीशिवाय नातवाचं लग्न लागलं. ते मी गिळलं. म्हणूनच मी मेपासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही, भाऊबीजेलासुद्धा नाही, हे तुला कळत असेल. पण हे गिळणार नाही. हे आजपासून बंद झालं पाहिजे.

फोन करणार होते. पण तुमच्यासाठी निरोप चांदमल शेठच्या दुकानात द्यावा लागतो, आणि तिथे बोललेलं जिऱ्या-मोहरीच्या पुड्यांबरोबर गावभर जातं. म्हणून पत्र.

गोजरबाई


महाळुंगे पडवळ,
३ डिसेंबर २००१

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी रडू आलं, दुसऱ्या वेळी राग. हे उत्तर दुसऱ्या वाचनानंतरचं आहे.

लग्नाला आणलं नाही म्हणता. पत्रिका द्यायला आलात तेव्हा आमच्या ओसरीत बसून कोण म्हणालं होतं, "एवढ्या गर्दीत आईला सांभाळणार कोण, व्याह्यांसमोर काहीबाही बोलली तर?" तुमच्या भावाने ते ऐकलं आणि आईंना शेजारच्या बयाबाईंकडे ठेवलं. मी त्यांना नवी हिरवी साडी नेसवून बसवली होती, वन्सं. ती साडी मीच पुन्हा सोडवली. त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही.

आता कबाब. लग्नानंतर आईंनी भाकरी सोडली. दूध दिलं तर थुंकायच्या. खिचडी तोंडात धरून दुपारभर बसायच्या. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जे खातील ते द्या, पथ्य बघू नका." आखाडात तुमच्या भावाने मटण आणलं. मी लवंग-दालचिनी भाजत होते. त्या वासाने आई उठून चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "शहाजिरं कुठाय? बिनशहाजिऱ्याचं काय करतीस?" ज्या बाईला पोटच्या पोराचं नाव सांगता येत नाही, तिने मला एकेक जिन्नस सांगितला. हरभऱ्याची डाळ किती, आलं किती, पाणी आटेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मग तव्यावरचा पहिला कबाब झाला आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी काय करायला हवं होतं? त्यांना नवस सांगायचा? सांगितला. ऐकलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

त्या माझ्या हातून खातात. तुमच्या भावाच्या हातून नाही, बयाबाईंच्या हातून नाही. का ते विचारू नका. आंघोळ मी घालते, लुगडं मी बदलते, भर दुपारी उसात शिरल्या तर शोधायला मी जाते. तासा-दीड तासाच्या वाटेवर बसून नियम पाठवायचे फार सोपं आहे.

वृषाली


जुन्नर,
८ डिसेंबर २००१

वृषाली,

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी तसं म्हणाले असेन. लग्नघरातली बाई शंभर गोष्टी बोलते. अमृत काय कुकुलं बाळ आहे, बहीण म्हणाली आणि आईला ठेवून आला? त्याला एकदा पुन्हा विचारता आलं नाही?

आणि डॉक्टरांचं मला सांगू नकोस. डॉक्टर नाडी बघतो, नवस बघत नाही.

सयाजीने आणखी एक सांगितलं ते मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. तू म्हणे मिक्सरमध्ये वाटतेस. आईच्या कबाबाचं मटण मिक्सरमध्ये! तिचा वशाटाचा पाटा गोठ्याच्या भिंतीला उभा आहे, देवाधर्माच्या पाट्यापासून वेगळा, तिने लग्नात आणलेला. त्यावर वाटलं की मटणाचे दोरे सुटतात आणि कबाब जिभेवर विरघळतो. मिक्सरमध्ये त्याची खळ होते. नवस मोडायचाच होता तर निदान नीट मोडायचा.

हे वाचून हसू नकोस. मी हसण्यासाठी लिहिलेलं नाही.

मोठी म्हणून सांगते, हे पत्र मिळेल त्या दिवसापासून कबाब बंद. वरण-भात दे, लापशी दे, सायीचं दही दे. भूक लागली की माणूस खातं. पप्पू सारा दिवस जुन्नर-नारायणगाव जीप चालवतो. सुनेला, स्नेहलला, पाचवा महिना लागलाय. माझ्या घरात आत्ता देवाला दुखवून चालणार नाही. एवढं तरी कळू दे तुला.

गोजरबाई


महाळुंगे पडवळ,
१७ डिसेंबर २००१

वन्संना नमस्कार.

तुमचा हुकूम सोमवारी मिळाला. सोमवारपासून बंद केलं. सहा दिवसांचा हिशोब ऐका.

सोमवारी लापशी केली. दोन चमचे. मंगळवारी वरण-भात, तो पदराला पुसला. बुधवारी ताट भिरकावलं, ते तुमच्या भावाच्या कपाळाला लागलं. गुरुवारी आई गोठ्यात जाऊन त्या पाट्याशेजारी बसल्या. दुपारपर्यंत त्याच्यावरून हात फिरवत होत्या, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. शुक्रवारी आणि शनिवारी फक्त पाणी. शनिवारी मंचरहून डॉक्टर आले. हाताला शीर सापडेना, चार ठिकाणी टोचलं.

भूक लागली की माणूस खातं, असं तुम्ही लिहिलंत. तुमची आई माणूस आहे की नाही, तुम्हीच येऊन ठरवा.

काल रविवारी मी कबाब केले. मिक्सर नाही, पाटाच काढला. धुतला, वाटलं, हात भरून आले. तुमचं खरं आहे, पाट्यावरचे वेगळे लागतात. चार खाल्ले त्यांनी.

मी परवानगी मागत नाही. कळवते आहे.

वृषाली


जुन्नर,
२२ डिसेंबर २००१

वृषाली,

तू रविवारी कबाब दिलेस. गुरुवारी सकाळी स्नेहलला रक्त गेलं.

पप्पूने तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मी शेजारी बसून तिचा हात धरला होता आणि डोक्यात एकच घुमत होतं, चार खाल्ले, चार खाल्ले. बाळ आहे अजून. डॉक्टर म्हणतात पूर्ण झोपून राहायचं, काहीही सांगता येत नाही. पप्पू दाराशी उभा राहून मला विचारतो, "आई, आसं कशानं झालं?" काय सांगू त्याला? तुझ्या मामीने आजीला चार कबाब घातले म्हणून?

मला अडाणी म्हण. म्हण खुशाल. तू बारावी शिकलीस, मी सातवी. पण बावीस वर्षांपूर्वी ते पोर माझ्या मांडीवर निळं पडत होतं आणि आई भीमाशंकरहून परत आली त्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदा दूध ओढलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या बदल्यात जे दिलं होतं ते तू परत घेतलंस. देव काय मुका आहे?

मला तुझा इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय. तू माझी धाकटी बहीण असतीस तर मुस्काटात दिली असती.

स्नेहल जरा सावरली की मी येते आणि आईला इकडे घेऊन जाते. रविवार, सहा जानेवारी. तिचं बोचकं बांधून ठेव. माझ्या घरात ती नवस मोडणार नाही. खाईल न खाईल, माझं मी बघेन.

गोजरबाई


महाळुंगे पडवळ,
२७ डिसेंबर २००१

वन्संना नमस्कार.

स्नेहलला जपा. मीही दोन वर्षांपूर्वी त्यातून गेले आहे, माझं राहिलं नव्हतं. तेव्हा कुणी कबाब खाल्ले नव्हते. पण ते जाऊ द्या.

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मी घाबरले. खरंच घाबरले. म्हणून बयाबाईंकडे गेले. त्या वेळी आईंबरोबर भीमाशंकरला त्याच गेल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. मी विचारलं, आई देवापुढे नेमकं काय बोलल्या? बयाबाई माझ्यावर खेकसल्या, "इतक्या वर्सांनी इचारतीस व्हय?" मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"तुजी सासू, साळू, काय जन्माचं सोडून आली न्हाई. ती म्हनली, देवा, ह्या पोराच्या डोक्यावर अक्षता पडंपतूर मी कबाब तोंडाला लावायची न्हाई. अक्षता पडल्या की माजी गोजर मला तिच्या हातानं पयला घास भरवील, मग सुटंल. मी म्हनलं, आगं, गोजरला सांगून तरी ठेव. तर म्हनली, नगं. सांगितलं तर पोरगी वरसं मोजत बसंल. येळ आली का मीच सांगीन."

वेळ आली, वन्सं. अक्षता पडल्या. आणि सांगणारं मन तोवर निघून गेलं होतं. त्यात आपण त्यांना लग्नाला नेलं नाही. म्हणून त्या आजही कबाबाचा घास समोर धरला की आधी विचारतात, "अक्षता पडल्या का?" मला वाटायचं बरळतात. मी आपली "पडल्या" म्हणायची, मग त्या तोंड उघडायच्या. पाच महिने रोज विचारत होत्या आणि मला अर्थ कळला नाही. ती माझी चूक. ती मी मान्य करते.

आता तुमची. बावीस वर्षं तुम्ही त्यांच्या तव्यावरचं मीठ बघितलंत. एकदा तरी विचारलंत का, "आई, किती दिवसांसाठी सोडलंस गं?" मला नवस शिकवता. नवस आईंनी केला, पाळला, पुरा केला. फेडायचा तुमच्याकडे होता, तो तुम्ही सात महिने थकवलात. देव रुसला असेल तर आमच्या घरावर रुसलेला नाही.

फार बोलले. मोठ्यांना असं लिहू नये, कळतं मला. पण तुम्ही मुस्काटात द्यायची भाषा केलीत, तेव्हा फिटंफाट.

सहा तारखेला या. बोचकं बांधणार नाही. पाटा धुऊन ठेवते. तुमच्या हाताने करा आणि तुमच्या हाताने भरवा. एक गोष्ट अजून सांगायची आहे, पण कागदावर लिहायला हात होत नाही. आलात की दिसेलच.

वृषाली


जुन्नर,
९ जानेवारी २००२

वृषाली,

एसटीत बसल्यापासून तुला मनातल्या मनात शिव्या देत आले. नारायणगावला गाडी बदलली तरी शिव्या संपल्या नव्हत्या. तीन दिवस झाले, आता लिहिते.

आधी चांगलं सांगते. स्नेहल बरी आहे. बाळ हलतं. पप्पूने परवा पोटाला कान लावला आणि गाढवासारखा रडला.

आता माझं. मला आल्या आल्या का नाही सांगितलंस? मी तासभर पाट्यावर बसले होते. तू शेजारी कांदा चिरत होतीस, पुदिना निवडत होतीस, दहा वेळा तोंड उघडलंस आणि मिटलंस. मला वाटलं लाजलीस. मी मनात म्हटलं, बरी जिरली हिची. मी मटण असं वाटलं की आईनेसुद्धा नाव ठेवलं नसतं. पहिला कबाब तव्यावर टाकला, उलटला, बशीत घेतला. आई अंगणात उन्हाला बसली होती. किती एवढीशी झालीय ती. मी समोर उकिडवी बसले, घास फुंकला, तिच्या ओठांशी नेला.

तिने ओठ घट्ट मिटले.

"आई, मी गोजर," म्हटलं. "पप्पूच्या डोक्यावर अक्षता पडल्या गं. खा."

तिने माझा हात बाजूला सारला. अगदी सभ्यपणाने, परक्या बाईला सारावा तसा. आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "गोजर, ए गोजर! ही कोन पावनी आलीया बघ. हिला सांग, मी सोडलंय. माजी गोजर भरवील तवाच खायाचं."

आणि तू आतून "ओ" म्हणालीस.

पदराला हात पुसत तू बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलं नाहीस, माझ्या हातातला घास घेतलास. तिने विचारलं, "अक्षता पडल्या का?" तू म्हणालीस, "पडल्या." आणि माझी आई माझ्या हातचा कबाब तुझ्या हातून खात बसली. डोळे मिटून. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग म्हणाली, "गोजर, आज मीठ बराबर हाय."

ते तुला म्हणाली. मीठ मी घातलं होतं.

मी पाटा धुवायला म्हणून गोठ्यात गेले. पाटा एका तांब्यात धुऊन होतो. मला बाहेर यायला एवढा वेळ का लागला ते तुला माहीत आहे, म्हणून तू अमृतला तिकडे येऊ दिलं नाहीस. तेही मी पाहिलं.

मला राग आहे. तुझा आहे, पाच महिने माझ्या नावाला ओ दिलीस आणि मला पत्रात कळवलं नाहीस म्हणून. "माझ्या हातून खातात, का ते विचारू नका." आता कळलं का ते. मला वाचवत होतीस ना? कुणी सांगितलं होतं वाचवायला? अमृतचा राग आहे, मी मूर्खासारखं बोलले आणि त्याने ते ऐकलं म्हणून. आईचा आहे, बावीस वर्षांत एक वाक्य सांगितलं नाही म्हणून. आणि माझा आहे. सात महिने मी मानपान कुरवाळत इथे बसले. भाऊबीजेला आले असते तरी कदाचित तिने मला ओळखलं असतं. कदाचित नसतं. ते आता कधीच कळणार नाही, आणि याचा राग कुणावर काढू हे मला सुचत नाही, म्हणून तुझ्यावर काढते. तू सोसतेस, ही तुझी खोडच आहे.

नवस फिटला की नाही, मी लेण्याद्रीच्या पायथ्याला आमच्या ओळखीचे एक म्हातारे पुजारी आहेत त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, घास कुनी केला?" मी म्हटलं, मी. "खाल्ला का तिनं?" खाल्ला. "गोजर म्हनून खाल्ला का?" हो. "मग आता देवाला आनि किती तरास देतीस?" मी तिथल्या तिथे त्यांच्याशीही भांडले. पण घरी येऊन शांत झोप लागली, हे खोटं सांगणार नाही.

आईला मी नेणार नाही. तिची गोजर महाळुंग्याला आहे, ती इकडे कशी राहील?

संक्रांत झाली की त्यापुढच्या रविवारी मी येते, आणि मग दर रविवारी. मटण इथून आणेन, तुमच्याकडचा खाटीक म्हातारा बोकड देतो. शहाजिरं चांदमल शेठकडून ताजं घेऊन ठेव. पाट्यावर मी वाटीन. भरव तूच. ती गोजर म्हणाली की मोठ्याने ओ म्हण, पुटपुटल्यासारखं नको, तिला कमी ऐकू येतं. मला ती पावणी म्हणाली तर तू मध्ये पडून सांगत बसू नकोस.

फक्त एक माझ्याकडे राहू दे. घास समोर आला की ती विचारेल, अक्षता पडल्या का. तेव्हा तू बोलू नकोस. ते पावणीला सांगू दे. मी त्या लग्नात होते.

तुझी वन्सं,
गोजर